सुबाभूळ कंबरेएवढीच ठेवा: सोलापूरच्या कोरडवाहू रानात शेळ्यांसाठी बारमाही पाला

मालदांडी ज्वारीचा कडबा पोट भरतो, पण त्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के. उसाचं वाढं त्याहून फार बरं नाही. सुबाभळीच्या वाळलेल्या पाल्यात २० ते २५ टक्के प्रथिनं असतात, आणि एकदा मूळ धरलं की हे झुडूप उन्हाळ्यातही फुटतं. सोलापूरच्या चुनखडीच्या, जास्त सामूच्या (pH) जमिनीत इतर चारापिकं पिवळी पडतात, तिथे सुबाभूळ खुशीत वाढते. तिला सोसत नाही ते आम्लधर्मी जमीन आणि मुळाशी साचलेलं पाणी. पहिली अडचण आपल्याकडे नाहीच, दुसरी मंगळवेढ्याच्या खोल काळ्या रानात आहे; त्यावर उपाय पुढे येईल.

तरीही गावोगाव सुबाभळीला नावं ठेवली जातात आणि त्यात तथ्य आहे. हे मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं झुडूप. स्पॅनिश गलबतांबरोबर ते फिलिपिन्सला गेलं, तिथे त्याला इपिल-इपिल म्हणतात. हवाई बेटांवर ते कोआ हाओले या नावानं किनाऱ्यालगतच्या कोरड्या उतारांवर रान करून बसलंय. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्वाम बेटावर उघड्या पडलेल्या जमिनीची धूप थांबावी म्हणून विमानातून त्याचं बी टाकलं होतं. आज तिथे दुसऱ्या झाडांना जागा सोडत नाही अशी त्याची जाळी आहे. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत सुबाभळीचं नाव आहे. या सगळ्याचं मूळ एकच: बी धरू दिलं. चाऱ्यासाठी लावायची असेल तर तिला फुलाच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. खाली दिलेलं सगळं वेळापत्रक त्या एका गोष्टीभोवती बांधलेलं आहे.

बी कुठलं घ्यायचं

रस्त्याच्या कडेच्या झाडाच्या शेंगा तोडून आणू नका. तिथे वाढलेली बहुतेक झाडं बुटक्या, फांद्यांच्या, हवाईयन प्रकारातली असतात. ती चार-सहा महिन्यांतच फुलतात आणि वर्षभर शेंगा धरत राहतात; पाला कमी, बी जास्त. चाऱ्यासाठी के-८ या जातीचं किंवा पेरू देशाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या प्रकारातलं बी मागा. उरुळी कांचनच्या बायफ या संस्थेनं मणिभाई देसाईंच्या काळात महाराष्ट्रात सुबाभळीचा मोठा प्रसार केला. आज चौकशीची सुरुवात कृषी विज्ञान केंद्र किंवा राहुरी विद्यापीठाच्या चारापीक विभागाकडून करावी. बी किती जुनं आहे ते विचारा, पण दोन वर्षांचं निघालं म्हणून घाबरू नका. कडक कवचाचं बी कोरड्या जागी बरीच वर्षं टिकतं.

किती लावायची ते आधी ठरवा. ३०-३५ किलोच्या उस्मानाबादी शेळीला दिवसाला साडेतीन-चार किलो हिरवा चारा लागतो. त्यात सुबाभूळ एक तृतीयांशाच्या वर नको, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास. दहा शेळ्यांना रोज १२ किलो. ओळीत तीन फूट आणि रोपात एक फूट अंतर धरलं तर गुंठ्याला साडेतीनशेच्या वर रोपं बसतात. पाणी देता येत असेल तर दहा शेळ्यांना ७-८ गुंठे पुरतात. निव्वळ पावसावर असेल तर २० गुंठे धरा. हा ठोकळ अंदाज आहे, जमिनीप्रमाणे खालीवर होणार.

एक किलोत साधारण २० हजार बिया असतात. ८ गुंठ्यांसाठी ३,५०० पिशव्या, पिशवीत दोन बिया, म्हणजे ४०० ग्रॅम बी भरपूर झालं. दुकानदार किलोचा पुडा पुढे करतो, तो घेऊ नका.

बी जागं करणं

बहुतेक लोक इथेच फसतात. सुबाभळीच्या बीला मेणचट, घट्ट कवच असतं. तसंच पेरलं तर शंभरातलं थोडंसं बी आठवड्यात उगवतं, बाकीचं महिनोन्‌महिने मागेपुढे उगवत राहतं आणि रोपं कधीच एकसारखी होत नाहीत. कवचातून पाणी आत जावं यासाठी बीला ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात तीन ते चार मिनिटं ठेवायचं.

थर्मामीटर नसेल तर असं करा. पातेल्यात तीन तांबे खळखळ उकळतं पाणी घ्या, त्यात एक तांब्या साधं पाणी ओता. ते ८० च्या आसपास येतं. माठातलं गार पाणी घेऊ नका, हिशेब चुकतो. बी सुती फडक्यात सैल बांधून त्यात सोडा आणि अधूनमधून हलवा. पाणी बीच्या आठ-दहा पट हवं, कारण थोड्या पाण्यात जास्त बी टाकलं की तापमान एकदम उतरतं आणि काम अर्धवट राहतं. चार मिनिटं झाली की पुरचुंडी काढून लगेच साध्या पाण्यात टाका आणि रात्रभर, म्हणजे १२ तास, भिजू द्या. पातेलं चुलीवर ठेवून बी उकळू नका. उकळलेलं बी फुगतं, छान दिसतं आणि कुजतं.

सकाळी बी फडक्यावर पसरून बघा. फुगून दुप्पट झालेलं पेरायला घ्या. जे तसंच चपटं, चकचकीत तपकिरी राहिलं ते बाजूला काढून पुन्हा एकदा गरम पाण्यातून काढा. शे-दोनशे बियाच लावायच्या असतील तर पाण्याच्या भानगडीत पडू नका, नेलकटरनं बीच्या बोथट टोकाकडचं कवच जरासं टवका निघेल इतपत काढा. टोकदार बाजूला हात लावू नका, कोंब तिथे असतो.

यानंतर जिवाणू. सुबाभळीच्या मुळांवर गाठी धरणारे जिवाणू तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या जिवाणू-खताच्या पाकिटातले नसतात, त्यामुळे ते पाकीट चोळून उपयोग नाही. सुबाभळीचं खास संवर्धक मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर जुन्या, हिरव्यागार सुबाभळीच्या बुंध्यापासून फूटभर अंतरावरची, मुळं असलेल्या थरातली घमेलंभर माती आणा आणि पिशव्यांच्या मिश्रणात कालवा. दोन महिन्यांनी एक रोप फोडून मुळं बघायची. गाठी दिसल्या आणि नखानं फोडल्यावर आत गुलाबी-लाल निघाल्या तर जिवाणू हवेतला नत्र पकडतायत. पांढऱ्या किंवा हिरवट निघाल्या तर रिकाम्या आहेत.

पिशव्या आणि रोपं

थेट रानात बी टोकता येतं, ठिबक असेल तर जमूनही जातं. पण सोलापुरात मृगाचा पहिला पाऊस पडून मग पंधरा-वीस दिवसांची उघडीप हा नेहमीचा खेळ आहे. कोंब वर आल्यावर अशी उघडीप पडली की कोरडवाहू पेर हातची जाते. म्हणून पिशवीतली रोपं.

एप्रिलच्या मध्यात पिशव्या भरा. ५ बाय ७ इंचाची पिशवी, खालच्या भागात सहा-आठ भोकं. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. अर्धवट कुजलेलं खत घातलं तर वाळवी येते आणि कोवळं मूळ कुरतडते. नुसती काळी माती भरू नका, ती वाळली की पिशवीत विटेसारखी होते. बी एक ते दीड सेंटिमीटर खोल. खोल गेलं तर वर येत नाही, वर राहिलं तर चिमण्या आणि मुंग्या सोडत नाहीत.

आठवडाभरात कोंब दिसतात. पहिले तीन आठवडे ५० टक्क्यांची शेडनेट किंवा कडब्याच्या पेंढ्यांचा विरळ मांडव, मग हळूहळू काढून टाका. सावलीत वाढलेलं रोप लांबुळकं, नाजूक होतं आणि रानात मान टाकतं. पाणी सकाळी एकदा, झारीनं. मे महिन्यातल्या ४२-४३ अंशांत संध्याकाळी हलकं शिंपण ठीक, पण पिशवीत चिखल राहता कामा नये. रोप जमिनीलगत काळं पडून आडवं झालं तर पाणी जास्त होतंय, रोग शोधत बसू नका.

दोन्ही बिया उगवल्या तर कमजोर रोप कात्रीनं कापा. उपटलं तर शेजारच्याचं मूळ हलतं. दर पंधरा दिवसांनी पिशव्या जागेवरून हलवा. सुबाभळीचं सोटमूळ भारी घाईचं असतं, ते भोकातून खालच्या जमिनीत घुसतं, आणि लावणीच्या दिवशी तेच तुटलं की रोप महिनाभर रुसतं. आठ ते दहा आठवड्यांत रोप फूट-दीड फुटाचं होतं. त्याहून जास्त दिवस पिशवीत ठेवू नये. मूळ तळाशी गोल फिरलं की ते पुढे खोल जात नाही आणि झाड पहिल्याच उन्हाळ्यात दम टाकतं. शेजाऱ्याकडून उरलेली गेल्या वर्षीची रोपं फुकट मिळाली तरी आणू नयेत ती याच कारणानं.

लावणी

आर्द्रा-पुनर्वसूत दोन चांगले पाऊस होऊन ओल फूटभर खाली गेली की लावा. सांगोला, माळशिरसकडच्या मुरमाड रानात एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा पुरतो. खाली पक्का मुरूम लागला तर पहारीनं आणखी अर्धा फूट सैल करून घ्या, मूळ एकदा त्याच्या फटीत शिरलं की पुढचं ते बघतं. खोल काळ्या रानात खड्डा करू नका. परतीच्या पावसात त्यात पाणी धरतं आणि ऑक्टोबरात रोपं पिवळी पडतात. तिथे दोन ओळींत सरी काढून वरंब्याच्या माथ्यावर लावा. चोपण जमिनीत पाणी मुरतच नाही, तिथे आधी जमीन सुधारा, मग बघा.

खत गुंठ्याला १०० किलो शेणखत आणि साडेतीन किलो सिंगल सुपर फॉस्फेट, दोन्ही लावणीच्या ओळीत मातीत मिसळून. युरिया नको. नत्र आयतं मिळालं की मुळं गाठी धरायचा कंटाळा करतात. स्फुरद मात्र हवंच. चुनखडीच्या जमिनीत ते बांधलं जातं आणि गाठींची वाढ त्यावरच अवलंबून असते.

ओळी पूर्व-पश्चिम काढल्या तर शेजारच्या ज्वारीवर सावली कमी पडते. बांधावर एकच ओळ लावणार असाल तर पिकापासून चार-पाच फूट सोडा, आणि दुसऱ्या वर्षापासून पावसाळ्याआधी पिकाच्या बाजूनं दीड फूट खोल चर काढून आडवी मुळं तोडा. एवढं केलं नाही तर रब्बीत बांधालगतच्या चार ओळी खुज्या राहतात आणि शेजारी भांडायला येतो.

पहिले तीन महिने सुबाभूळ फार हळू वाढते. सगळी शक्ती मुळाकडे जाते. या काळात गवतानं गाठलं तर ती दिसेनाशी होते. लावणीनंतर २०-२५ दिवसांनी आणि पुन्हा ४५ व्या दिवशी खुरपणी झालीच पाहिजे. आणि शेळ्या लांब. ज्यांच्यासाठी लावली त्याच पहिल्या वर्षी तिच्या शत्रू असतात. शेंडा खाल्लेलं रोप एकवेळ फुटेल, पण साल सोललेलं मरतं. काळविटांचा वावर असलेल्या भागात काटेरी बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घाला.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे केवडा पडला, तर ते लोह कमी पडल्याचं लक्षण. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) मिसळून संध्याकाळी फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. फवारलेला पाला तेवढे दिवस जनावरांना नको.

कापणी

खोड बुंध्याशी अंगठ्याएवढं जाड आणि झाड छातीपर्यंत आलं की पहिली कापणी. पाण्याखाली हे सहा महिन्यांत होतं. कोरडवाहूत घाई करू नका, पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबा. मूळ पुरेसं खोल जाण्याआधी कापलेलं झाड उन्हाळ्यात उभं वाळतं.

कापायचं जमिनीपासून अडीच ते तीन फुटांवर, कंबरेच्या उंचीला. घोट्याजवळ कापलं तर खोडावर फुटीसाठी डोळे कमी राहतात, गवत डोक्यावर जातं आणि दोन-तीन कापण्यांत झाडं विरळ होतात. फार उंच ठेवलं तर सावली वाढते, आणि वरच्या फांद्या हाताला येत नाहीत म्हणून तशाच राहून शेंगा धरतात. कोयता धारदार हवा, घाव तिरका. खोड चिरलं की त्यात पाणी मुरून कुजतं. जाड फांदीला सिकेटर बरा.

पुढच्या कापण्या पावसाळ्यात ४० ते ४५ दिवसांनी, थंडीत ६० ते ७० दिवसांनी. तारखेपेक्षा झाडाकडे बघा. पांढऱ्या गोल गोंड्यासारखी फुलं दिसू लागली की दिवस भरले. त्या आठवड्यात कापलं तर पाला भरपूर मिळतो आणि शेंग धरत नाही. हे झाड स्वतःच्याच परागावर फळतं, त्यामुळे कोपऱ्यात विसरलेलं एकच झाडसुद्धा हजारो बिया टाकतं, आणि त्या मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. कोरडवाहूत मार्चनंतर कापू नका, एक-दोन पालेदार फांद्या झाडावर राहू द्या.

ओळी संपूर्ण एका दिवशी कापायच्या नाहीत. रानाचे ४५ भाग कल्पा (थंडीत ६०-७०) आणि रोज एकेक भाग कापत जा. शेवटाला पोचेपर्यंत पहिला तयार होतो, आणि दावणीला रोज ताजा पाला असतो.

हिवाळ्यात शेंडे आकसले, पानं चिकट झाली आणि हात लावताच पिवळसर बारीक किडे टुणकन उडाले, तर ती सुबाभळीवरची सायला कीड. १९८० च्या दशकात ही कीड हवाईमार्गे आशियात पसरली आणि १९८८ मध्ये भारतात पोचली. चाऱ्यावर रासायनिक फवारणी करायची नाही. शेंडे लगेच कापून शेळ्यांना घाला, किडीचं खाद्यच संपतं. फारच असेल तर ५ टक्के निंबोळी अर्क. लेडीबर्ड भुंगेरे दिसत असतील तर तेही नको, त्यांना काम करू द्या. मार्चच्या उन्हात ही कीड आपोआप ओसरते.

खाऊ घालताना

सुबाभळीत मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, कोवळ्या शेंड्यात आणि बीमध्ये सर्वांत जास्त. शेळी-मेंढी, गाय-म्हैस यांच्या कोठीपोटात ते फुटतं, पण त्यातून तयार होणारा पदार्थ गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीवर वाईट परिणाम करतो. हवाईतल्या शेळ्या नुसत्या सुबाभळीवर जगूनही ठणठणीत कशा, या प्रश्नावरून ऑस्ट्रेलियाचे रेमंड जोन्स यांनी १९८० च्या दशकात त्यांच्या पोटातल्या जिवाणूंचा माग काढला. हे जिवाणू तो घातक पदार्थ पचवतात. पुढे त्यांच्याच नावावरून जिवाणूला सिनर्जिस्टिस जोन्सी हे नाव मिळालं. आपल्या शेळ्यांच्या पोटात ते पुरेसे आहेत असं गृहीत धरू नये, म्हणून एक तृतीयांशाची मर्यादा.

सुरुवात शेळीमागे पाव किलोनं करा आणि दोन आठवड्यांत सव्वा किलोवर या. आदल्या संध्याकाळी कापून रात्रभर सुकवलेला पाला ताज्यापेक्षा बरा. सुकताना मिमोसिन काही प्रमाणात कमी होतं. जोडीला कडब्याची कुट्टी असावीच. पेंढी बांधून दावणीच्या वर टांगली तर शेळ्या ती आवडीनं ओरबाडतात आणि पायाखाली वाया जात नाही. दुभत्या शेळीला किंवा पंढरपुरी म्हशीला धार काढल्यानंतर घाला, आधी घातलं तर दुधाला उग्र वास येतो. गाभण शेळीला शेवटच्या दोन महिन्यांत निम्मं करा, नाहीतर करडं अशक्त जन्मण्याचा धोका असतो.

पाठीवरचे, शेपटीवरचे केस गळू लागले, लाळ गळतेय, खाणं कमी झालं, गळ्याशी सूज आली तर त्याच दिवशी सुबाभूळ बंद. साध्या चाऱ्यावर काही आठवड्यांत जनावर सावरतं. गळ्याची सूज उतरली नाही तर पशुवैद्यकाला दाखवा. घोडा, गाढव, डुक्कर, ससा यांना ही पानं घालूच नका, त्यांचे केस फार लवकर जातात. कोंबडीच्या खाद्यात वाळलेल्या पाल्याची भुकटी ५ टक्क्यांपर्यंत चालते, बलक छान पिवळा होतो.

ऑक्टोबरातल्या कापणीचा जास्तीचा पाला उन्हाळ्यासाठी वाळवा. ताडपत्रीवर सावलीत पातळ पसरला तर दोन दिवसांत कडक होतो, काठीनं झोडपला की पानं गळून पडतात, काटक्या चुलीला जातात. चार किलो ओल्या पाल्याचा एक किलो सुका निघतो. पोत्यात भरताना मूठ दाबून बघा. चुरा झाला पाहिजे, गोळा झाला तर बुरशी येणार.

नको झाली तर

बी सुटलंच, आणि ओढ्याकडेला किंवा पडीक माळावर रोपं दिसली, तर पावसाळ्यात ओल असताना वीतभर असतानाच उपटा. गुडघ्यापर्यंत गेलेलं रोप हातानं निघत नाही. नान्नजकडच्या माळरानांच्या आसपास तर सुबाभूळ लावूच नये. तिथलं गवत हेच माळढोकाचं आणि काळविटाचं घर, आणि ही झुडपं गवताला सावलीत मारतात. मोठं झाड नुसतं तोडून मरत नाही, बुंध्यातून दुपटीनं फुटतं. बुंध्याभोवती उकरून जमिनीखाली अर्धा फूट मूळ तोडा, खड्डा भरा, आणि पुढची दोन-तीन वर्षं पाऊस झाला की त्या जागेवर एक फेरी मारून नवी रोपं उपटत राहा.